चार नंबरच्या बसमधून खाली उतरलेली माणसं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आजच्या जेवणाचे यजमान, सन्माननीय हौसराव आण्णा; व्यासपीठावर विराजमान झालेले आमच्या कंपनीच्या पर्सोनेल विभागाचे साहेब; कामगार संघटनेचे अध्यक्ष सर्जेरावदादा; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सम्राट जाधव आणि गौतमीताई जाधव; चार नंबरच्या बसमधले माझे आजी-माजी सहप्रवासी; आणि मागच्या मांडवातून जिलेबीचा वास येत असूनही अजून खुर्ची न सोडलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'महिलांच्या वतीने दोन शब्द' असं म्हटलं. आभारी आहे. आतापर्यंत पुरुषांच्या वतीने दीड तास झाला, तेव्हा माझ्या दोन शब्दांना थोडी सैल मोजपट्टी लावाल, ही अपेक्षा.

मी अनुपमा साकोरे. माहेर केंदूर, नोकरी रांजणगावला, दर्जा तपासणी विभागात, आणि भाड्याची खोली केडगावात. बारा वर्षं चार नंबरच्या बसने जाते-येते. दर्जा तपासणीत एक खोड लागते. माल कितीही चकचकीत असला तरी उलटा करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मघापासून या व्यासपीठावरून एक शब्द फार चकचकीत होऊन येतो आहे. एकी. साहेब म्हणाले, कंपनी हे एक कुटुंब आहे. सर्जेरावदादा म्हणाले, कामगार हीच कामगाराची जात. आणि अध्यक्षमहाराज म्हणाले, आमच्या मातीतच एकी आहे, बाहेरून आलेल्या माणसाला आम्ही कधी परकं मानलं नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, शेजारच्यांनी वाजवल्या म्हणून हात आपोआप गेले.

पण मला सांगा, कोणत्या मातीतली एकी? आमची बस दौंडहून निघते, पाटस, चौफुला, केडगाव, पारगाव करत भीमा ओलांडते, न्हावऱ्यावरून रांजणगावला जाते. दोन तालुके, वाटेतली सगळी गावं, शिवाय लातूर, बीड, बिहार इथून पोटामागे आलेली माणसं. या बसला माती फक्त टायरला लागते. आणि एकीचं म्हणाल तर ती होती, भरपूर होती. पाटसवाले पाटसवाल्यांसाठी सीटवर रुमाल टाकत. पारगाववाले चढेपर्यंत केडगाववाले पाय पसरून बसत. भीमेच्या अलीकडचे पलीकडच्यांना हसत, पलीकडचे अलीकडच्यांना. आणि दोन्ही तीर मिळून मागच्या सीटवरच्या बिहारी पोरांना म्हणत, "ए भैया, सरक." ही आमची एकी. गणपतीच्या वर्गणीवरून त्या एकीची दोनदा मारामारीही झाली.

नवा माणूस चढला की चौकशी सुरू. कुठले? लातूरकडचे. लातूरकडचे म्हंजी नेमके कुठले? पाहुणे कोण? इकडं कुणी सोयरेधायरे? आपण इतके सभ्य लोक आहोत की जात कधी विचारत नाही. माणूस थकून स्वतः सांगेपर्यंत गाव विचारत राहतो.

सम्राट जाधव दोन हजारच्या दिवाळीनंतर आमच्या बसमध्ये चढले. त्यांचं चौकशीतून लवकर सुटलं, कारण आडनाव जाधव. ऐकणाऱ्याने आपल्याला हवा तो जाधव मनाशी धरला. रस्त्याला लागून एका गावात हौसराव आण्णांची चाळ आहे. गावाचं नाव मी घेत नाही. घेतलं तर बाकीची गावं सुटल्यासारखी हसतील. त्या चाळीत आमच्या बसची बरीच माणसं भाड्याने राहत. आण्णांनी सम्राटना नाव विचारलं आणि म्हणाले, "जाधव? मंग आपलेच की. राव्हा." बायकोचं नाव विचारायची आपल्यात पद्धत नाही. विचारलं असतं आणि 'गौतमी' असं ऐकलं असतं, तर हा सगळा कार्यक्रम त्याच दिवशी आटोपला असता. सम्राट खोटं बोलले नाहीत. त्यांना कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

सहा महिने दोघं तिथे राहिली. आण्णांच्या घरचं पाणी गेलं की गौतमीताईंच्या हंड्यातून कळशी जायची. आण्णांच्या सौभाग्यवतींची कंबर धरली तेव्हा शेकायला विटा तापवून गौतमीताई गेल्या होत्या. पाणी चाललं, विटा चालल्या.

मग एप्रिल आला. जयंतीच्या दिवशी त्यांनी खोलीत बाबासाहेबांची तसबीर टेबलावर मांडली, हार घातला, मेणबत्ती लावली. दार उघडंच होतं. आणि गौतमीताईंनी, दिवस भरत आले असताना, मोठं पातेलंभर खीर केली आणि चाळीतल्या प्रत्येक खोलीत वाटी दिली. मालकाच्या घरीही दिली. चाळीतल्या वाट्या रिकाम्या होऊन परत आल्या. मालकाच्या घरची वाटी भरलेली, तशीच मालकाच्याच उंबऱ्याबाहेर ठेवलेली सापडली. मुंग्या लागलेली.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी आण्णा दारात उभे. म्हणाले, "खोली मोकळी करा. पोराचं लगीन हाय, पाहुण्यांना जागा लागंल." त्यांचे चिरंजीव तेव्हा तिसरीत होते.

(माफ करा, हसू नका. हसण्यासारखं असतं तर मी आधीच सांगितलं असतं.)

आता मी बसमधून काय पाहिलं ते सांगते. पहिल्या पाळीची बस. स्टॉपवर नेहमीची माणसं उभी, पण नजरा सगळ्यांच्या भलतीकडे. कुणी रस्ता बघतोय, कुणी चपलेचा अंगठा. आणि त्यांच्या मधोमध एक पत्र्याची ट्रंक, गुंडाळलेली गादी, स्टोव्ह, बादलीत भांडी, आणि ट्रंकेवर बसलेल्या गौतमीताई. मांडीवर तसबीर, पदराने झाकलेली. ऊन लागू नये म्हणून झाकली असेल. सम्राट कंपनीचा ड्रेस घालून उभे होते.

स्टॉपवरची माणसं मुकाट चढली. चाळीतलीच होती ती. आदल्या दिवशी खीर खाल्लेली. सम्राट ड्रायव्हरला म्हणाले, "जावा मामा तुम्ही. मी आज खाडा करतो."

ड्रायव्हर दगडोबामामा. आज ते या सभागृहात नाहीत, निमंत्रण द्यायचं राहून गेलं म्हणे. राहणारच, व्यासपीठावर एवढी माणसं बसवायची म्हटल्यावर काहीतरी राहतंच. मामांनी इंजिन बंद केलं.

"सामान कुणाचं हाय?"

"माझं."

"मंग रस्त्यावर का?"

सम्राट वाकून गादीची दोरी आवळू लागले. गौतमीताई ट्रंकेवरून उठल्या आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आम्ही बौद्ध आहोत म्हणून."

मी पुष्कळ सभा पाहिल्या, कंपनीच्या, युनियनच्या, गावच्या. एवढं छोटं भाषण कुठल्याही सभेत ऐकलं नाही. मग पुढच्या सीटवरून सर्जेरावदादांचा आवाज आला. दादा, तुम्हाला आठवत नसेल. मोठ्या माणसांना फार बोलावं लागतं, सगळं कुठं लक्षात राहणार? तुम्ही म्हणालात, "वाईट झालं. पन ह्यो गेटच्या भाईरचा विषय हाय. युनियनला ह्यात पडता येत न्हाई. चला मामा, पंचिंग चुकंल." कामगार हीच कामगाराची जात हे तुम्हाला तेव्हा अजून सुचायचं होतं.

आणि त्याच स्टॉपवर चढून मागच्या सीटवर गेलेला रामधनी उठला. बिहारातल्या छपऱ्याकडचा पोरगा, पॅकिंगला होता, ठेकेदाराच्या हजेरीवर. ज्याला रोज 'सरक' म्हणायचं, तो. सगळ्यांच्या गुडघ्यांतून वाट काढत खाली उतरला आणि ट्रंकेची एक कडी धरली. म्हणाला, "गाडी में रख देते हैं. और क्या!"

"अरे, कंपनीची बस हाय, टेम्पो न्हाई," कुणीतरी ओरडलं.

"तो लिख के दे दो कंपनी को," तो म्हणाला. "नाम हमारा लिखो."

ट्रंक जड होती. दुसरी कडी धरायला माणूस लागत होता. आता या प्रसंगाचं वर्णन मघाशी तीन वक्त्यांनी केलं आणि तिघांनीही सांगितलं की 'सगळी बस एका माणसासारखी खाली उतरली.' धादांत खोटं. निम्म्याहून जास्त लोक जागेवर बसून राहिले. काहींनी खिडकीची काच ओढून घेतली. आम्ही उतरलो ते मोजके, आणि एकेक करून, एकमेकांचं तोंड बघत. सहा वर्षांत उतरलेल्यांची संख्या मात्र सारखी वाढते आहे. अशीच वाढत राहिली तर लवकरच त्या बसला डबा जोडावा लागेल.

सामान चढलं. गौतमीताईंना सीट मिळाली, अगदी पुढची, कारण रुमालवाल्याने रुमाल उचलून घेतला. बस रांजणगावला पोचली. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. पर्सोनेलचे तेव्हाचे साहेब आले. हे साहेब नव्हेत, यांच्या आधीचे. साहेब बदलतात, वाक्यं बदलत नाहीत. ते म्हणाले, "हा तुमचा खाजगी प्रश्न आहे. कंपनीच्या आवारात कुटुंब आणता येणार नाही." साहेब, मघाशी आपण म्हणालात कंपनी हेच कुटुंब आहे. मला खरंच विचारायचं आहे, मग आवारात आणायचं ते कुणाला?

त्या दिवशी पाळी सुटेपर्यंत गौतमीताई बाहेर बस उभी करायच्या जागी, बसमध्ये बसून होत्या. दगडोबामामांनी खिडक्यांना पोती लावून सावली केली. कँटीनच्या बायकांनी डबा पोचवला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गेले. माझ्या तोंडाला आलं ते सगळे म्हणतात तेच, "धीर धरा, होईल सगळं नीट."

त्या म्हणाल्या, "धीर हाय ओ ताई. जागा न्हाई."

मग संध्याकाळी जागा कुणी दिली? पाटसच्या अलीकडच्या वस्तीतल्या ताईबाईंनी. साठीची बाई, शेतमजुरी करणारी. बस वस्तीपाशी थांबली, मामांनी हकीकत सांगितली. ताईबाईंनी एवढंच विचारलं, "कितवा चाललाय?" नववा म्हटल्यावर म्हणाल्या, "पोटुशी बाई दिसभर गाडीत बसीवली व्हय रं? काय मानसं का काय तुमी?" आणि समाजमंदिराची खोली झाडून घेतली. दुसऱ्या दिवशी तिथे त्यांच्याच समाजाचे एक पुढारी गाडीतून आले. सोबत फोटोग्राफर. गौतमीताईंना म्हणाले, पुन्हा जरा त्या ट्रंकेवर बसा, आणि तसबीर दिसू द्या. फोटो झाला, मोर्चाची घोषणा झाली, मोर्चाची तारीख अजून ठरायची आहे. मी कुणाला सोडणार नाही असं ठरवून आले आहे, तेव्हा आपल्या-परक्याचा भेद नको.

तिथे आठवड्यातच त्यांना मुलगी झाली. प्राची. ती तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मघापासून खुर्चीत जांभया देते आहे. एवढ्या भाषणांत एकटी तीच प्रामाणिक.

सूत्रसंचालकांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटं संपली. ठीक आहे.

समाजमंदिरात कायमचं राहता येईना. बसमधले आम्ही काही जण खोली शोधू लागलो. आणि इथे मला आमच्या चांगुलपणाबद्दलही बोललं पाहिजे. आमच्यातले एकजण, मनाने फार चांगले, त्यांनी खोली ठरवून आणली. म्हणाले, "काम झालं. मी सांगितलंय, लातूरकडचे जाधव हायेत. पुढचं कुणी काय बोलू नका आन् तसबीर जरा आतल्या अंगाला लावा." आम्हाला आनंद झाला. आम्ही बातमी घेऊन गेलो. गौतमीताई बाळंतिणीच्या बाजेवर होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नको."

"अहो, खोली चांगली आहे."

"आसंल. आमचं समदं सांगून कुनी देत आसंल तरच बगा. माज्या लेकीला दार लावून नाव सांगायची सवय लागायला नको."

आम्हाला राग आला. खरं सांगते, आम्ही इतके हिंडलो, आणि हिला मिजास! परतीच्या वाटेवर एकजण तसं बोललाही. मदत घेणाऱ्याने मान खाली घालावी असं आपल्याला फार वाटतं. त्याशिवाय मदत केल्यासारखी वाटत नाही. पण नंतर रामधनी म्हणाला, "भाभी ठीक बोली. हम लोग मकान नहीं ढूंढ रहे थे, छुपने की जगह ढूंढ रहे थे." दुसऱ्या दिवशी आम्ही त्या खोलीला नकार कळवला.

मग पुन्हा शोध, आणि या वेळी सगळं सांगून. किती दारं बंद झाली ते मोजलं नाही. प्रत्येक घरी पोराचं लग्न निघालं. त्या वर्षी या पट्ट्यात इतकी लग्नं ठरली होती की भटजी कुठून आणणार याची मला काळजी वाटू लागली. शेवटी पारगावच्या अनसाबाई. पाटलाघरची विधवा, पिठाची गिरणी चालवतात. आम्ही ओट्यावर उभं राहून सगळं सांगितलं. कोण आहेत, कुठून काढलं, का काढलं. अनसाबाई पीठ चाळत होत्या. म्हणाल्या, "गिरणीचा आवाज हुतो दिसभर. बारकं लेकरू हाय म्हणता. झोपंल का?" एवढाच प्रश्न. बाकीचं जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं, की ऐकून पिठाबरोबर चाळून टाकलं, देव जाणे.

पण हे झालं दोघांच्या डोक्यावर छप्पर येण्याचं. गोष्ट इथे संपली असती तर आज आण्णांनी सांगितली तशीच ती सांगता आली असती: गैरसमज झाला, मिटला. ती इथे संपली नाही, कारण रामधनी स्वतः आण्णांच्या चाळीत राहत होता. एका खोलीत चौघे. महिनाअखेरीस तो आण्णांपुढे जाऊन उभा राहिला.

"मालिक, हम चार आदमी कमरा छोड रहे हैं."

"का रं? काय तरास हाय?"

"तकलीफ कुछ नहीं. मन नहीं लगता."

आण्णा हसले. "मन लागत न्हाई म्हणं! जाशील कुठं? हितं तुला कोण दारात उभं करतंय?"

"वही देखना है," तो म्हणाला, आणि चौघे ताईबाईंच्या वस्तीशेजारच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये.

मग मी आणि बसमधल्या दोघीजणी गुरुवारच्या सुट्टीला चाळीत गेलो, बाकीच्या भाडेकऱ्यांच्या बायकांशी बोलायला. आमचं स्वागत कसं झालं? एक बाई तोंडावर म्हणाली, "ताई, तुमाला काय हुतंय बोलायला. तुमी साकोऱ्यांच्या, कुठंबी खोली मिळंल. आमी सोडली तर लेकरं घिऊन कुठं जावं?" बरोबरच होतं तिचं. मी निघायला उठले. तेव्हा कोपऱ्यातली दुसरी एक बोलली, साखरबाई म्हणून बीडकडची. ती माझ्याशी बोललीच नाही, त्या बाईशी बोलली. "आगं, आपल्या पोरांनी वाटी चाटून खाल्ली. सकाळी ती बया रस्त्यावर बसलेली आन् आपण तिच्या म्होरनं नळाला गेलो. मला तवापास्नं त्या नळाचं पाणी गोड लागंना." आणि तिने त्याच आठवड्यात खोली सोडली. नवऱ्याने शिव्या दिल्या, पण सामान त्यानेच उचललं.

मग एकेक. कुणी भावाकडे दाटीवाटीने, कुणी दौंडला लांब, कुणी दोन कुटुंबं एका खोलीत. पावसाळा निम्मा होईपर्यंत चाळीत दोनच बिऱ्हाडं उरली. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही, घोषणा दिली नाही. यांतल्या बहुतेकांचं एकमेकांशी गाव जुळत नव्हतं, जात जुळत नव्हती, भाषा तर मुळीच नाही. साखरबाई आणि रामधनी एकमेकांशी काय बोलत, हे त्या दोघांनाही कळत नसावं. हे एकाच मातीतले नव्हते, आण्णा. ती माती तुमची होती, आणि तिच्यावर बांधलेल्या खोल्या मोकळ्या पडल्या होत्या.

दिवाळीच्या तोंडावर हौसराव आण्णा स्टॉपवर आले आणि बसच्या पायरीवर चढले. "या की परत. झालं गेलं गंगेला मिळालं. भाडंबी कमी करतो." मग सम्राटकडे वळून म्हणाले, "जाधव, तुमीबी या. आपल्यात काय हाय?"

सम्राट म्हणाले, "आण्णा, मला नका विचारू. सामान तिचं फेकलं होतं. पारगावला गिरणीमागं राहतो आम्ही. तिला येऊन विचारा."

आणि बाकीच्यांनी सांगितलं की परत येऊ, पण येणाऱ्या कुणालाही गाव-आडनाव खोदून विचारायचं नाही. आण्णांनी मान्य केलं. आज तिथे कुणीही राहतं, ही गोष्ट खरी आहे आणि मी ती मोठ्याने सांगते. मघाशी एका वक्त्याने त्याला 'हृदयपरिवर्तन' म्हटलं. कृपा करून हृदयाला यात ओढू नका. ते बिचारं त्या वेळी कामावर नव्हतं. खोल्या मोकळ्या होत्या, इतकंच. पण माझी त्याला हरकत नाही. माणसाच्या आत काय बदललं हे बघत बसलो असतो तर प्राची कॉलेजात गेली असती. बाहेरचं वागणं बदललं, पुष्कळ झालं.

आम्ही मात्र सगळे देव झालो असं समजू नका. रुमाल आजही टाकले जातात. गेल्या आठवड्यात खिडकीच्या सीटवरून झालेली भांडणं मी या कानांनी ऐकली. सर्जेरावदादा पुढच्या सीटवरच बसतात. फक्त एवढं झालं की त्यानंतर बसमधल्या कुणाच्या घरी आजार, मयत, बाळंतपण काही आलं की गाव न विचारता दोन-चार माणसं जायला लागली. नेहमी तीच दोन-चार. त्यांनाच मी एकी म्हणते. बाकीच्यांना गर्दी म्हणते, आणि गर्दीबद्दल माझी तक्रार नाही, तिने स्वतःला एकी म्हणवून भाषणं करू नयेत एवढंच.

आता सम्राटांचा विभाग कंपनीने उत्तरेकडे हलवला. रुद्रपूरला. कुटुंब म्हणणाऱ्यांनी तीन आठवड्यांची नोटीस दिली आणि वर हा समारंभ ठेवला. नव्या मुलुखात ही तिघं कुणाची? रामधनी ठेकेदारी सोडून दोन वर्षांपूर्वी तिकडेच गेला आहे. परवा त्याचा फोन आला. खोली बघून ठेवली आहे, स्टेशनवर तो येणार आहे, गाडी पहाटे पोचो की दुपारी. मी विचारलं, मालकाला सांगितलंस का सगळं? तो म्हणाला, "दीदी, पहली बात वही बताई. तीन जगह से ना हुई. चौथा बोला, आने दो." साकोऱ्यांच्या सात पिढ्या केंदूरला गेल्या, पण मी उद्या परमुलखात उतरले तर माझ्यासाठी तीन नकार ऐकून चौथ्या दारात जाणारा एकही भाऊबंद मला आठवत नाही.

दुसरी चिठ्ठी आली आहे. हिच्यावर 'वेळ' या शब्दाखाली दोन रेघा आहेत. आवरते.

अध्यक्षमहाराज, मघाशी आपल्या हस्ते सम्राटना शाल दिली, नारळ दिला, आपण त्यांना मिठीही मारली. फोटो चांगला आला असेल. गौतमीताईंचा सत्कार दुसऱ्यांच्या हस्ते उरकला. पारगावची गिरणी आपल्या घरापासून लांब नाही. सहा वर्षांत आपण तिथे गेला नाहीत. बसगाड्यांचा ठेका आपला, मजूर पुरवायचा ठेका आपला, या सभागृहातल्या कितीतरी जणांची उद्याची हजेरी आपल्या हातात, म्हणून हे कुणी बोललं नाही. त्यांना मी दोष देत नाही, पोट असतं. मी कायम नोकरीत आहे, मला जरा स्वस्तात बोलता येतं.

जेवण दिल्याबद्दल आण्णांचे आभार. हॉल दिल्याबद्दल कंपनीचे आभार. न बोलावता बाहेर फाटकाशी येऊन उभ्या राहिलेल्या ताईबाईंचे आणि अनसाबाईंचे आभार. कुणीतरी त्यांना आत खुर्च्या द्या. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर ते बहुतेक ठरवूनच लागलं आहे, त्याची माफी मागत नाही. पण ज्यांना लागायला नको होतं अशा कुणाला माझा शब्द चुकून लागला असेल, तर त्यांनी मोठ्या मनाने तो पोटात घालावा.

कार्यक्रमपत्रिकेवर यापुढे आभारप्रदर्शन आहे. ते मी आत्ताच केलं, तेव्हा तो वेळ मोकळा झाला. आज इथे सात माणसं गौतमीताईंविषयी बोलली, आणि त्यांना बोला असं कुणी म्हटलं नाही. माईक इथेच ठेवते. आण्णा, आपण उठू नका, जिलेबी गार होणार नाही. सहा वर्षांपूर्वी गिरणीमागे जाऊन आपल्याला त्यांना जे विचारायचं होतं, ते इथे विचारा. त्या समोरच बसल्या आहेत.

गौतमीताई, या.